ताणाची संप्रेरके आणि पेशींची हानी

'टेन्शन' हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की तो परका वाटत नाही. मात्र त्याच्याबरोबर आपण जे क्रियापद वापरतो ते लक्षात घेण्यासारखे आहे. मराठी माणूस टेन्शन 'घेतो', आणि त्याचे हितचिंतक त्याला ते न घेण्याचा सल्ला देतात. ताण ही जणू दुकानातून विकत घ्यावयाची किंवा न घ्यावयाची वस्तू आहे, आणि ज्याने ती घेतली त्याचाच तो दोष आहे, असे गृहीतक या बोलण्यात दडलेले असते. गेल्या जवळजवळ नव्वद वर्षांत शरीरशास्त्रज्ञांनी ताणाविषयी जे संशोधन केले आहे ते या गृहीतकाशी फारसे जुळत नाही. ताणाच्या वेळी शरीरात कोणती द्रव्ये निर्माण होतात, ती पेशींपर्यंत कशी पोहोचतात, आणि एरवी उपकारक असणारी हीच द्रव्ये कोणत्या परिस्थितीत पेशींना विषासारखी बाधतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या संशोधनाचा आरंभ एका फसलेल्या प्रयोगातून झाला. कॅनडातील माँट्रियल शहरी मॅकगिल विद्यापीठात हान्स सेली हे तरुण शास्त्रज्ञ एखादे नवे संप्रेरक, म्हणजेच रूढ भाषेत हॉर्मोन, सापडते का याचा शोध घेत होते. त्यासाठी ते उंदरांना बीजांडकोशाचा अर्क टोचत असत. उंदीर मेल्यावर त्यांच्या शरीरात तीन बदल आढळत: मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी सुजलेल्या, छातीतील थायमस ग्रंथी आक्रसलेली आणि जठरात व्रण पडलेले. नवे संप्रेरक हाती लागले अशी सेलींची समजूत झाली. परंतु पडताळा म्हणून त्यांनी काही उंदरांना फॉर्मॅलिन टोचले, तेव्हाही तेच तीन बदल दिसले. थंडीत ठेवलेल्या, थकेपर्यंत पळवलेल्या आणि जखमी केलेल्या उंदरांतही तेच. याचा अर्थ बदल अर्कामुळे होत नव्हते. कोणत्याही प्रकारच्या छळाला शरीर देत असलेले ते एकच उत्तर होते. ४ जुलै १९३६ च्या 'नेचर' साप्ताहिकात सेलींनी हा निष्कर्ष एका छोट्याशा पत्राच्या रूपाने प्रसिद्ध केला. पुढे 'स्ट्रेस' हा शब्द वैद्यकात रूढ होण्यास तेच मुख्यतः कारणीभूत ठरले.

आता शरीरातील व्यवस्था पाहू. प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर अवघी चार-पाच ग्रॅम वजनाची एक अधिवृक्क ग्रंथी असते. तिच्या गाभ्यातून ॲड्रेनालिन हे संप्रेरक स्रवते. धोका जाणवताच काही सेकंदांत छातीत धडधडणे, तळहातांना घाम फुटणे, तोंडाला कोरड पडणे हे सारे ॲड्रेनालिनचे आणि त्याला साथ देणाऱ्या चेतातंतूंचे काम होय. दुसरी व्यवस्था संथ आहे. मेंदूच्या तळाशी असलेला अधश्चेतक हा भाग एक संदेशद्रव्य सोडतो, ते पोषग्रंथीला जागे करते, पोषग्रंथी रक्तातून अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यकाला निरोप धाडते, आणि त्या बाह्यकातून कॉर्टिसॉल स्रवते. या साखळीला साधारण वीस-तीस मिनिटे लागतात. कॉर्टिसॉल स्नायूंतील प्रथिने मोडून रक्तातील साखर वाढविते, रक्तदाब टिकवून धरते, आणि त्या घडीला निकडीची नसलेली पचन, वाढ, प्रजनन यांसारखी कामे मंदावते. धोका टळला की हेच कॉर्टिसॉल मेंदूपर्यंत जाऊन आपली निर्मिती थांबविण्याचा आदेशही देते. विहिरीवरची मोटार टाकी भरताच आपोआप बंद व्हावी, तशी ही योजना आहे.

म्हणून कॉर्टिसॉलला सरसकट विष म्हणणे अशास्त्रीय ठरेल. अधिवृक्क ग्रंथी निकामी झाल्याने होणाऱ्या रोगाचे वर्णन टॉमस ॲडिसन या इंग्रज वैद्याने १८५५ मध्ये केले होते. त्यावर उपचार न मिळालेला रुग्ण अशक्त होत जातो आणि एखाद्या साध्या आजाराच्या धक्क्यानेही दगावू शकतो. निरोगी माणसात पहाटेपासून कॉर्टिसॉल वाढू लागते, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सर्वांत वर जाते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला येते. हा रोजचा चढउतार आरोग्याचे लक्षण आहे, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावे.

कॉर्टिसॉलचे सामर्थ्य त्याच्या रासायनिक घडणीत आहे. ते कोलेस्टेरॉलपासून बनलेले स्टेरॉइड असल्यामुळे पेशीच्या स्निग्ध आवरणातून ते सहज आत शिरते. आत त्याची वाट पाहणारा एक ग्राही रेणू असतो. त्याला चिकटून ते थेट पेशीच्या केंद्रकात जाते आणि तेथे काही जनुके चालू, तर काही बंद करते. शरीरातील जवळजवळ प्रत्येक प्रकारच्या पेशीत हे ग्राही रेणू असल्याने कॉर्टिसॉलच्या कक्षेबाहेर राहिलेले इंद्रिय शोधणे कठीण आहे. हाडे बांधणाऱ्या पेशी त्याच्या अतिरेकाने मरतात व हाडे ठिसूळ होतात. त्वचा पातळ होते. दंडामांड्यांचे स्नायू झडतात.

सेलींच्या उंदरांतील थायमस आक्रसण्याचे कोडेही येथेच उलगडते. थायमसमध्ये रोगप्रतिकारक लसीका पेशी तयार होतात. कॉर्टिसॉलच्या मोठ्या मात्रेने या कोवळ्या पेशींतील एक सुप्त कार्यक्रम जागा होतो: पेशी आक्रसते, तिच्या केंद्रकातील डीएनएचे ठरावीक लांबीचे तुकडे होतात आणि ती शांतपणे मरते. १९८० मध्ये अँड्र्यू वायली यांनी पेशींच्या या नियोजित मृत्यूची रासायनिक खूण दाखवून दिली ती याच थायमस पेशींत. लसीका पेशींच्या रक्तकर्करोगात स्टेरॉइड औषधे आजही दिली जातात त्याचे कारण हेच, की ज्या पेशी बेसुमार वाढल्या आहेत त्यांना ती आत्मनाशाची आज्ञा देतात.

एकच द्रव्य तारक आणि मारक कसे होते, याचा अनुभव आपल्या पिढीने डोळ्यांदेखत घेतला आहे. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीने दाखविले की कॉर्टिसॉलचा कृत्रिम भाऊबंद असलेल्या डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाने कृत्रिम श्वसनावर असलेल्या कोरोना रुग्णांतील मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटतात. मात्र प्राणवायूची गरज नसलेल्या रुग्णांना त्याचा लाभ झाला नव्हता. पुढच्याच वर्षी, २०२१ च्या दुसऱ्या लाटेत, महाराष्ट्रात आणि इतरत्र म्युकरमायकोसिस म्हणजे 'काळी बुरशी' पसरली. तिच्या रुग्णांत मधुमेही आणि स्टेरॉइड घेतलेले लोक मोठ्या संख्येने होते. रक्तातील साखर चढलेली आणि प्रतिकारक पेशी नमलेल्या, अशा शरीरात बुरशीला रान मोकळे मिळाले. येथे एक सूचना विषयांतर पत्करूनही केली पाहिजे. दमा, संधिवात वा त्वचारोगासाठी दीर्घकाळ स्टेरॉइड गोळ्या घेणाऱ्यांनी त्या आपल्या मनाने एकाएकी बंद करू नयेत. बाहेरून आयता पुरवठा होत असल्याने त्यांची स्वतःची अधिवृक्क ग्रंथी निजलेली असते, आणि तिला जागे होण्यास वेळ लागतो.

सर्वांत अधिक अभ्यास झाला आहे तो मेंदूतील पेशींचा. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅक्युअन यांनी उंदरांना किरणोत्सारी खुणेचे संप्रेरक टोचले, तेव्हा ते मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात साठलेले आढळले. हा भाग नव्या स्मृती घडविण्याचे काम करतो, शिवाय कॉर्टिसॉलची साखळी थांबविण्यातही त्याचा वाटा असतो. १९८६ मध्ये मॅक्युअन, रॉबर्ट सापोल्स्की आणि लुई क्रे यांनी एक दुष्टचक्र मांडले: दीर्घकाळच्या ताणाने हिप्पोकॅम्पसच्या पेशी दुबळ्या होतात, त्या दुबळ्या झाल्याने कॉर्टिसॉलला आवर घालणारा हात ढिला पडतो, परिणामी ते आणखी वाढते आणि पेशींची हानीही वाढते.

ही हानी कशी होते? कॉर्टिसॉल मेंदूच्या या पेशींना साखर कमी उचलू देते. चेतापेशी ही अतिशय भुकेली पेशी आहे. साखर तुटली की ग्लुटामेट हे उत्तेजक द्रव्य वेळेवर आवरून घेण्याची तिची शक्ती कमी होते, ते साचून पेशीत कॅल्शियमचा लोंढा शिरतो आणि पेशीचे प्रथिन-सांगाडे आतूनच कुरतडले जातात. याचा अर्थ कॉर्टिसॉल बहुधा स्वतः पेशी मारत नाही. ते तिला इतके कंगाल करून सोडते की एरवी तिने पचविला असता असा आघातही तिला सोसवत नाही. पेशीतील ऊर्जाकेंद्रे असलेल्या तंतुकणिकांवरील प्रयोगही हेच सुचवितात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उंदरांच्या चेतापेशींना अल्पकाळ किंवा अल्प मात्रेत संप्रेरक दिले असता तंतुकणिका अधिक कार्यक्षम झाल्या. मोठी मात्रा दीर्घकाळ दिली तेव्हा त्याच दुबळ्या पडल्या.

१९८९ चा एक अहवाल मात्र वाचताना मन अस्वस्थ होते. केनियातील एका संशोधन केंद्रात व्हर्वेट जातीची काही माकडे पिंजऱ्यात एकत्र ठेवलेली होती. त्यांपैकी काही जठराच्या व्रणांनी मरण पावली. त्यांच्या मेंदूची तपासणी केली तेव्हा हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींचा ऱ्हास झालेला दिसला. ही माकडे आपल्या गटाच्या उतरंडीत तळाशी होती. पिंजऱ्यात असल्यामुळे दांडगटांच्या चाव्यांपासून पळून जाण्याची सोय त्यांना नव्हती.

पुढील संशोधनाने या चित्रात एक महत्त्वाची दुरुस्ती केली. दीर्घकाळ विषण्णतेचा विकार असलेल्या किंवा स्टेरॉइड घेतलेल्या माणसांच्या मेंदूंची मृत्यूनंतर तपासणी झाली, तेव्हा पेशींचा मोठा संहार आढळला नाही. बहुतांश हानी वेगळ्या स्वरूपाची असते. चेतापेशी मरत नाही, तिच्या शाखा आखडतात, आणि नव्या पेशींची उत्पत्ती मंदावते. झाड उभेच असते, पण त्याच्या फांद्या छाटलेल्या असतात. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी, अजय व्यास आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये या चित्राची दुसरी बाजू दाखविली. रोज दोन तास याप्रमाणे दहा दिवस जखडून ठेवलेल्या उंदरांत हिप्पोकॅम्पसच्या शाखा आखडल्या, पण भयभावनेशी निगडित अमिग्डाला या भागातील शाखा उलट वाढल्या. छळ थांबल्यावर हिप्पोकॅम्पस सावरला. अमिग्डालातील वाढ मात्र एकवीस दिवसांच्या विश्रांतीनंतरही ओसरली नव्हती. भीती शिकणारा मेंदूचा भाग पोसला जावा आणि प्रसंग नीट आठवणारा भाग रोडावा, ही ताणाची करणी लहानपणापासून धाकात वाढलेल्या माणसांच्या संदर्भात विचार करण्याजोगी आहे.

माणसातही सावरण्याची शक्ती असल्याचा पुरावा आहे. कुशिंग विकारात पोषग्रंथीच्या वा अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीमुळे कॉर्टिसॉल वर्षानुवर्षे चढलेले असते. या रुग्णांवर यशस्वी उपचार झाल्यावर त्यांच्या हिप्पोकॅम्पसचे आकारमान १० टक्क्यांपर्यंत वाढल्याचे १९९९ मध्ये अमेरिकेतील मोनिका स्टार्कमन आणि सहकाऱ्यांनी नोंदविले.

ॲड्रेनालिन वर्गातील संप्रेरकांची इजा अधिक तडकाफडकी होते. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये हृदयाच्या एका विकाराला 'ताकोत्सुबो' हे नाव दिले, कारण त्यात हृदयाचा डावा कप्पा फुगून ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा दिसतो. जवळच्या माणसाचा मृत्यू, भूकंप, अचानक बसलेला धक्का यांनंतर, विशेषतः रजोनिवृत्त स्त्रियांत, तो आढळतो. हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या नसतात. संप्रेरकांच्या लोटाने हृदयाच्या स्नायुपेशी काही काळ लुळ्या पडतात. सुदैवाने बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. 'काळीज फाटणे' हा आपल्याकडील शब्दप्रयोग अगदीच निराधार नाही, एवढे यावरून म्हणता येईल.

ताण वर्षानुवर्षे रेंगाळला तर पेशींच्या वार्धक्यावर परिणाम होतो का, हा प्रश्न एलिसा एपेल आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी हाती घेतला. गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर नावाची आवरणे असतात आणि पेशी दर विभाजनागणिक ती थोडी गमावते. या विषयातील कार्यासाठी ब्लॅकबर्न यांना २००९ मध्ये दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. २००४ मध्ये या दोघींनी ५८ मातांची तपासणी केली. त्यांपैकी ३९ जणींची मुले दीर्घकाळ आजारी होती. शुश्रूषेची वर्षे जितकी अधिक तितकी टेलोमिअर आखूड असल्याचे दिसले. आणि सर्वाधिक ताण जाणवणाऱ्या व सर्वांत कमी ताण जाणवणाऱ्या स्त्रियांतील अंतर किमान दहा वर्षांच्या वार्धक्याएवढे भरले. नंतरच्या मोठ्या पाहण्यांत हा संबंध आढळतो, परंतु बराच क्षीण, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

याहून अधिक भक्कम आहे तो 'बहिरेपणा'चा निष्कर्ष. कॉर्टिसॉल सतत कानाशी ओरडत राहिले की प्रतिकारक पेशी त्याला दाद देईनाशा होतात. दाह शमविण्याची आज्ञा त्यांना ऐकू येत नाही. त्यामुळे रक्तात कॉर्टिसॉल असूनही दाह धुमसत राहतो. दीर्घ ताणाखालील माणसाला सर्दीपडशाचा संसर्ग लवकर का होतो आणि त्याच्या जखमा उशिरा का भरतात, याचे एक कारण येथे सापडते. स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या हातावर केलेली छोटीशी जखम भरून येण्यास इतर स्त्रियांपेक्षा सुमारे नऊ दिवस अधिक लागल्याचे १९९५ मधील एका अमेरिकन अभ्यासात दिसले होते.

आता मुख्य प्रश्न असा की ही मोटार बंद का होत नाही. वाघ दिसला तर माणूस पळतो. एक तर सुटतो किंवा मरतो. दोन्ही प्रकारे प्रसंग संपतो. मग न संपणारा ताण कोठून येतो? सॅली डिकर्सन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४ मध्ये प्रयोगशाळांत झालेल्या २०८ अभ्यासांचा एकत्रित विचार केला. नुसत्या कठीण कामाने कॉर्टिसॉल फारसे चढत नाही. दोन गोष्टी एकत्र आल्या की ते सर्वाधिक चढते आणि उतरण्यासही सर्वाधिक वेळ घेते: परिस्थितीवर आपला काही इलाज चालत नसणे, आणि इतर लोक आपल्याला तोलत, हिणवत आहेत ही जाणीव असणे. शारीरिक धोक्याची येथे गरजच नाही. अपमानाची शक्यता पुरते.

ब्रिटिश सरकारी नोकरांवरील 'व्हाइटहॉल' अभ्यास याच्याशी ताडून पाहावा. १९६७ पासून सुमारे १८ हजार पुरुष कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. सर्वांना कायम नोकरी, निवृत्तिवेतन आणि मोफत वैद्यकीय सेवा होती; कोणी उपाशी नव्हते. तरीही दहा वर्षांत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत खालच्या श्रेणीत सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाले. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांनी या फरकाचा अल्प भागच स्पष्ट होतो. विशेष म्हणजे तळ आणि शिखर एवढाच भेद नव्हता; प्रत्येक पायरीवर वरच्यापेक्षा खालच्याचे आरोग्य वाईट होते. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, आपल्या कामावर स्वतःचे नियंत्रण नसणे हा घटक महत्त्वाचा ठरला. शिवाय, खालच्या श्रेणींत कॉर्टिसॉलचा दिवसभराचा उतार सपाट होत गेलेला आढळला: सकाळी चढलेले संप्रेरक रात्रीपर्यंत पुरते खाली येत नव्हते. बाबासाहेबांनी 'श्रेणीबद्ध विषमता' या शब्दांनी जी रचना ओळखली होती, तिची शरीरात उमटणारी आकृती कशी असेल याची काहीशी कल्पना लंडनच्या कचेऱ्यांतील या आकड्यांवरून येते.

जातीच्या संदर्भात कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांचा २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग येथे उल्लेखनीय आहे. उत्तर प्रदेशातील ग्रामीण शाळकरी मुलांना कागदावरील चक्रव्यूह सोडविण्यास दिले होते. जात जाहीर न करता बसविले तेव्हा अनुसूचित जातीची आणि उच्चवर्णीय मुले जवळजवळ सारखीच उतरली. सर्वांसमोर नाव, गाव आणि जात वाचून दाखविल्यावर अनुसूचित जातीच्या मुलांची कामगिरी सुमारे एकपंचमांशाने घसरली. मुले तीच होती आणि कोडीही त्याच प्रकारची होती.

वैयक्तिक उपायांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, वर्षभर आठवड्यातून तीन वेळा चाळीस मिनिटे चालणाऱ्या वृद्धांच्या हिप्पोकॅम्पसचे आकारमान सुमारे दोन टक्क्यांनी वाढले. पुरेशी झोप कॉर्टिसॉलचा रात्रीचा तळ राखते. श्वासावर चित्त ठेवण्याच्या ध्यानाने काही चाचण्यांत कॉर्टिसॉल घटले, काहींत विशेष फरक पडला नाही. ध्यानाने माणसाची प्रतिक्रिया बदलू शकते. सकाळी दहा वाजता त्याला ज्या खुर्चीपुढे उभे राहावयाचे असते ती खुर्ची मात्र तेथेच असते. 'टेन्शन घेऊ नकोस' या सल्ल्यात उणीव राहते ती हीच.

उतरंडच बदलली तर काय होते, याचे एक उदाहरण सापोल्स्की यांनी केनियात अभ्यासलेल्या बबून माकडांत घडले. १९७८ पासून ते तेथे माकडांच्या रक्तातील संप्रेरके मोजत होते. बबूनांच्या टोळ्यांत दांडगे नर दुबळ्यांना विनाकारण छळतात, आणि खालच्या दर्जाच्या नरांचे ताणसंप्रेरक एरवीही चढलेले असते. १९८० च्या दशकाच्या मध्यास, एका पर्यटक निवासाच्या उकिरड्यावरील दूषित मांसातून एका टोळीत क्षयरोग शिरला. त्या उकिरड्यावर हक्क सांगण्यासाठी शेजारच्या टोळीशी झुंजायला जात ते सर्वांत आक्रमक नरच, आणि तेच मेले. मागे राहिले ते सौम्य स्वभावाचे नर आणि माद्या. टोळीतील छळ कमी झाला, एकमेकांच्या अंगावरील उवा-गोचिडी वेचण्यात अधिक वेळ जाऊ लागला. बबून नर वयात आल्यावर आपली टोळी सोडून दुसरीकडे जातात. त्यामुळे १९९३ पर्यंत या टोळीत मूळचा एकही नर उरला नव्हता. बाहेरच्या दांडगट टोळ्यांतून आलेले नवे नर येथे आले आणि काही महिन्यांत येथली रीत शिकले. टोळीत वरचा आणि खालचा क्रम होताच. परंतु खालच्या नरांच्या शरीरात ताणाची जी चिन्हे इतर टोळ्यांत नेमाने सापडत, ती या टोळीत सापडली नाहीत.